फी मुलाने भरली, टेस्ट आजोबांनी दिली

एका तरुण न्यूरोसायकॉलॉजिस्टचं, म्हणजे मेमरी, लक्ष, विचार अशा मेंदूच्या कामांची तपासणी करणाऱ्या सायकॉलॉजिस्टचं, पत्र आलंय. प्रॅक्टिसला दोन वर्षं झालीत, एका क्लिनिकमधे काम करते. सत्तरी ओलांडलेल्या एका आजोबांना त्यांचा मुलगा मेमरी टेस्टिंगसाठी घेऊन आला. फॉर्म त्याने भरला, फी त्याने दिली, आजोबांना फक्त 'रूटीन चेकअप आहे' एवढंच सांगितलेलं. टेस्टिंग दोन सिटिंगमधे झालं, पहिल्या सिटिंगचा सुरुवातीचा अर्धा तास मुलगा खोलीतच बसून होता. निकाल असा, की थोड्या वेळापूर्वी ऐकलेलं परत आठवणं बरंच कमी, पण भाषा, हिशेब, विचार करणं वयाच्या मानाने चांगलं. दुसऱ्या सिटिंगच्या ब्रेकमधे आजोबा हळूच म्हणाले, "मुलाला सांगू नका, पण राहतं घर मी मुलीच्या नावावर करतोय." चार दिवसांनी मुलाचा फोन आला, रिपोर्टमधे 'वडील व्यवहाराचे निर्णय घेऊ शकत नाहीत' असं स्पष्ट लिहा म्हणून. मग त्याच्या वकिलाचं पत्र, टेस्टचे सगळे मूळ कागद आणि स्कोअरिंग 7 दिवसांत द्या. क्लिनिकचे सर म्हणतात फी त्यांनी दिलीय, लिहून टाक आणि मोकळी हो. ती विचारते, "ताई, आजोबांचं नुकसान होऊ नये म्हणून मेमरीचा भाग थोडा सौम्य लिहिला तर चालेल का? मुलीला आधी कळवू का? आणि वकिलाला कागद द्यावेच लागतात का?"

तू ताई म्हटलंस म्हणून एकेरीवरच येते. पत्रात तू आजोबांचं नेमकं वय, ते आधी काय काम करायचे, मुलगा कुठे असतो हे सगळं लिहिलं होतंस, ते मी वर गाळलंय आणि एकदोन गोष्टी बदलल्यात. रागावले नाहीये, पण पुढच्या वेळी कुणाचाही सल्ला घेताना, अगदी सिनियरचासुद्धा, तेवढं आधी तूच गाळ, कारण त्या तपशिलावरून ओळखीच्या कुणीही आजोबांना सहज ओळखलं असतं.

रिपोर्टवर अजून सही केली नाहीयेस हे फार बरं झालं. आज काहीच सही करू नकोस. ते 7 दिवस वकिलाने घातलेत, कोर्टाने नाही, त्यामुळे त्या आकड्याला घाबरून घाईने काही लिहू नकोस. (पत्राकडे दुर्लक्ष करायचं असा याचा अर्थ नाही, त्यावर खाली येतेच.)

मला आधी तुला विचारायचंय की तुझं पेशंट कोण? तू म्हणशील आजोबा. पण पत्र परत वाचून बघ, मुलाला काय हवंय, सरांना काय हवंय, वकिलाला काय हवंय आणि तुला स्वतःला आजोबांसाठी काय हवंय हे सगळं त्यात आहे, आणि आजोबांना काय हवंय हे फक्त एका वाक्यात, तेही ब्रेकमधे कुजबुजलेलं. तू त्यांना सरळ विचारलंच नाहीयेस की आजोबा, हा रिपोर्ट कुणाला द्यायचा. ही तुझ्या एकटीची चूक नाहीये, वयस्कर माणूस समोर असला की आपण सगळेच शेजारच्या खुर्चीकडे बघून बोलायला लागतो, मीही कितीतरी वर्षं तेच केलंय.

फी कुणी भरली यावरून पेशंट ठरत नाही. ज्याने दोन दिवस बसून तुझ्या प्रश्नांची उत्तरं दिली, चुकल्यावर ज्याचे कान लाल झाले, त्याची ती माहिती आहे. कुणी कोर्टाने नेमलेलं असेल किंवा विमा कंपनीने पाठवलं असेल तर हे गणित थोडं बदलतं, तिथे रिपोर्ट मागणाऱ्याकडे जातो, पण तिथेसुद्धा टेस्टिंग सुरू करायच्या आधी समोरच्या माणसाला सांगावं लागतं की मी तुमची डॉक्टर म्हणून इथे बसलेली नाही, तुम्ही सांगाल ते रिपोर्टमधे जाऊ शकतं आणि तो रिपोर्ट अमक्याकडे जाणार आहे. आजोबांना हे कुणी सांगितलं? त्यांना तर रूटीन चेकअप सांगितलं होतं. म्हणजे फॉर्मवर सही असेलही, पण संमती झालीय असं मी म्हणणार नाही.

मेमरीच्या पेशंटची संमती ही एकदा घेऊन फाईलला लावायची वस्तू नाहीये. हेन्री मोलेसन नावाच्या माणसाचं 1953 मधे एपिलेप्सीसाठी मेंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर त्याला नवीन काही लक्षात ठेवणं जमेनासं झालं, पुढे पन्नासेक वर्षं त्याच्यावर संशोधन चाललं आणि 2008 ला तो जाईपर्यंत जगाला तो फक्त 'एच. एम.' या दोन अक्षरांनी माहीत होता. नाव इतकी वर्षं जपलं ही चांगलीच गोष्ट, पण समोरचा संशोधक ज्याला दरवेळी नवाच वाटायचा त्याच्या होकाराला होकार म्हणायचं का, हा वाद तो गेल्यावरही संपलेला नाही. आपल्या रोजच्या कामात याचं उत्तर बरंच सोपं आहे. मी दुसऱ्या सिटिंगला पेन्सिल हातात द्यायच्या आधी विचारते, "आज आपण कशासाठी बसलोय, आठवतंय का?" आणि जे उत्तर येईल ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवते. एक बाई म्हणाल्या होत्या, "तुम्ही माझ्या मोतीबिंदूच्या डॉक्टर ना?" मग सगळं परत सांगितलं, सावकाश, आणि त्या म्हणाल्या असं असेल तर माझ्या बहिणीला सोबत बसू दे. पहिल्या दिवशी सही होती, पण त्यांना काय हवंय ते दुसऱ्या दिवशी कळलं.

आता तुझा मोठा प्रश्न. मुलगा म्हणतो लिहा की ते निर्णय घेऊ शकत नाहीत, आणि तुला मनातून वाटतंय की घेऊ शकतात. माझं म्हणणं असं आहे की यातलं काहीच तुला लिहिता येणार नाही, कारण तू ते तपासलेलंच नाहीस.

तू तपासलीस ती मेमरी, भाषा, लक्ष, तर्क. डिलेड रिकॉल, म्हणजे ऐकलेलं थोड्या वेळाने आठवणं, कमी येणं म्हणजे घराबद्दल निर्णय घेता न येणं असं होत नाही. निर्णयक्षमता ही सगळ्याला मिळून एकच नसते, ती त्या त्या निर्णयापुरती आणि त्या त्या वेळेपुरती बघायची असते. 1988 पासून, ॲपलबॉम आणि ग्रिसो या अमेरिकन अभ्यासकांच्या मांडणीनंतर, साधारण चार गोष्टी बघतात: माणसाला माहिती समजते का, ती आपल्याला लागू आहे हे त्याला पटतं का, पर्याय तोलून बघता येतात का आणि आपली निवड सांगता येते का. त्यांची मांडणी उपचाराच्या निर्णयाबद्दल होती, पण विचार करायची पद्धत पैशाच्या निर्णयालाही उपयोगी पडते. इंग्लंड-वेल्सचा 2005 चा मेंटल कपॅसिटी ॲक्ट सुरुवातच अशी करतो की माणसाला क्षमता आहे असंच धरून चाला, नाही हे सिद्ध करावं लागेल, आणि निर्णय शहाणपणाचा वाटत नाही एवढ्यावरून क्षमता नाही असं म्हणता येणार नाही. भारताच्या 2017 च्या मेंटल हेल्थकेअर ॲक्टमधेही उपचाराच्या निर्णयापुरतं हेच तत्त्व आहे, बाकीच्यांना निर्णय चुकीचा वाटला म्हणून क्षमता गेली असं होत नाही.

घराच्या बाबतीत तर कायदा फार जुना आहे. 1870 सालची बँक्स विरुद्ध गुडफेलो ही इंग्लंडमधली केस अजूनही मृत्युपत्राच्या वादात काढतात. जॉन बँक्सला वाटायचं की एक माणूस त्याचा छळ करतोय, आणि तो माणूस केव्हाच मेलेला होता. तरी त्याचं मृत्युपत्र टिकलं, कारण त्या भ्रमाचा मालमत्ता कुणाला द्यायची याच्याशी संबंध नव्हता. कोर्टाने बघितलं काय, तर आपण काय करतोय हे त्याला कळतंय का, आपल्याकडे साधारण काय काय आहे हे माहितीये का, कुणाकुणाचा त्यावर हक्क पोचतो याचं भान आहे का आणि एखाद्या भ्रमामुळे तो निर्णय फिरलाय का. यात दहा शब्दांची यादी अर्ध्या तासाने आठवते का हा प्रश्न कुठेच नाहीये.

पण आता दुसरी बाजू पण ऐक. आजोबा मृत्युपत्र करतायत की आत्ताच बक्षीसपत्र करून घर देऊन टाकतायत? तुझ्या पत्रात 'नावावर करतोय' एवढंच आहे आणि या दोन्हीत फार फरक आहे. 1978 ची इंग्लंडमधलीच बीनी नावाची केस आहे, त्यात डिमेन्शिया झालेल्या आईने आपलं घर हयातीतच एका मुलीच्या नावावर केलं होतं, आणि कोर्टाने तो व्यवहार रद्द धरला. कारण असं दिलं, की छोटी भेट द्यायला थोडी समज पुरते, पण आपल्याकडची सगळ्यात मोठी चीज देऊन टाकायची तर मृत्युपत्राइतकीच समज लागते, त्या आईला बाकीच्या मुलांचाही हक्क पोचतो हे कळायला हवं होतं. म्हणजे आजोबांचा निर्णय टिकावा असं तुला खरंच वाटत असेल तर तुझ्या सौम्य रिपोर्टने तो टिकणार नाही, तो टिकेल कुणीतरी नीट, त्याच प्रश्नापुरती, सही करायच्या सुमारास क्षमता तपासली आणि लिहून ठेवली तर.

आणि इथेच तुला जरा थांबवते. मुलगी चांगली आणि मुलगा वाईट हे तुला कुणी सांगितलं? मुलाचा फोनवरचा सूर तुला आवडला नाही हे कळलं मला. पण हा मुलगा गेलं वर्षभर वडिलांची बिलं दोनदा भरलेली बघून घाबरलेला असू शकतो. मुलगीच मागे लागली असेल असंही असू शकतं, किंवा असं काहीच नसेल आणि आजोबांनी दहा वर्षांपूर्वीच हे मनात ठरवलेलं असेल. आपल्याला माहीत नाही. मेमरी गेलेला माणूस ज्याच्याशी शेवटचं बोलला त्याच्या बाजूने बोलतो असंही होतं, मी बघितलंय. तू सहा तास त्यांच्यासोबत होतीस, माया वाटणं साहजिक आहे, ती वाटू दे, पण रिपोर्टमधे तिने बाजू घ्यायची नाही.

सौम्य लिहिण्याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे कारण ते मी करून बसलेय. सुरुवातीची वर्षं होती. एक गृहस्थ, पन्नाशीचे, फ्रंटल लोबची, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागाची, लक्षणं, निकाल खूप खराब होते. ते टेबलावर हात ठेवून म्हणाले, मॅडम नोकरी जाईल माझी. मी रिपोर्टमधे 'नियोजन आणि निर्णयप्रक्रियेत किरकोळ अडचणी' असं लिहिलं. मार्क बदलले नाहीत, फक्त तो एक शब्द. मला तेव्हा आपण फार माणुसकीने वागलो असं वाटलं होतं. सव्वा वर्षाने त्यांची बायको आली, तेव्हा त्यांच्याकडून कामात मोठे घोळ झाले होते, त्यांना शिस्तभंगाची नोटीस आली होती, आणि आजारपणाच्या कारणाने सवलत मिळावी म्हणून त्या धडपडत होत्या. समोरच्या लोकांनी काढून दाखवलं काय, तर माझाच रिपोर्ट. त्यातल्या 'किरकोळ' वर कुणीतरी पेनाने गोल केला होता. त्या बाईंनी तो कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि काही बोलल्या नाहीत. तेव्हापासून मी विशेषण लिहायच्या आधी मार्क परत बघते.

रिपोर्ट एकदा बाहेर गेला की कोण, कधी, कशासाठी वाचेल हे आपल्या हातात राहत नाही. आज मेमरी ठीक असं लिहिलंस आणि उद्या आजोबांना औषधं, देखभाल, मदतनीस यासाठी तोच कागद लागला तर? किंवा मेमरी ठीकच होती म्हणून कुणी त्यांच्याकडून दुसरीच कुठली सही करून घेतली तर? शिवाय खोटं लिहिणं हे कुठल्याच ठिकाणच्या आचारसंहितेत बसणारं नाहीये, लायसन्स जाऊ शकतं, आणि उलटतपासणीत मार्क एक आणि वाक्य दुसरं असं निघालं की तू आजोबांबद्दल जे खरं बोलशील तेही कुणी ऐकणार नाही.

मग लिहायचं काय? जे दिसलं तेवढं, आणि कशावरून. थोड्या वेळाने आठवणं त्यांच्या वयाच्या आणि शिक्षणाच्या लोकांच्या तुलनेत बरंच कमी आहे, भाषा, हिशेब आणि तर्क अपेक्षेइतकं आहे, हे दोन्ही एकाच पानावर, सारख्याच ठसठशीतपणे. त्याखाली एक वाक्य मी स्वतः नेहमी घालते, जवळपास शब्दशः असं: 'या तपासणीत मालमत्तेच्या किंवा इतर कुठल्या विशिष्ट निर्णयाची क्षमता तपासलेली नाही, या निकालांवरून त्याबद्दल कुठल्याच बाजूने निष्कर्ष काढू नये.' मुलाला हवं ते वाक्य यात नाही आणि तुला हवं तेही नाही.

रिपोर्टमधे अजून एक गोष्ट गेलीच पाहिजे, की पहिला अर्धा तास मुलगा खोलीत होता. ओळखीचं माणूस बघत बसलं असताना मेमरीच्या टेस्टचा निकाल बदलू शकतो हे अभ्यासांमधे दिसलंय, आणि ज्या लोकांवरून नॉर्म्स, म्हणजे तुलनेसाठीचे मार्क, काढले ते काही मुलासमोर बसून उत्तरं देत नव्हते. नेमक्या कुठल्या टेस्ट त्या अर्ध्या तासात झाल्या ते बघ. यादी पाठ करायची टेस्ट त्यातच झाली असेल तर तो निकाल जपून वापर आणि तसं लिही. आजोबांना ऐकू नीट येत होतं का हे तू पत्रात लिहिलेलं नाहीस. झोपेची गोळी, थायरॉइड, बी-12, मूत्रमार्गाचं इन्फेक्शन, नुकतंच गेलेलं कुणी जवळचं, यातल्या कशानेही मेमरीचे मार्क खाली येतात आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय असतो. डॉक्टरांनी हे बघितलंय का ते विचार. मी एकदा एका आजींचं पूर्ण टेस्टिंग केलं आणि जाताना त्यांच्या नातीने पर्समधून कानाचं मशीन काढून त्यांना लावलं. मी तीन तास काय ऐकू येत नव्हतं त्याची परीक्षा घेतली होती. ते सगळं बाद करून काही महिन्यांनी परत बोलवलं, लगेच बोलवून चालत नाही कारण तेच प्रश्न परत ऐकले की मार्क आपोआप वाढतात, आणि शक्य तिथे दुसरी यादी वापरली.

आता ती ब्रेकमधली गोष्ट. ब्रेकमधे बोलले म्हणजे टेस्टिंगच्या बाहेर बोलले असं नसतं, तुझ्या खोलीत बोलले म्हणजे तुझ्याशी पेशंट म्हणून बोलले. ते मुलाला सांगायचं नाही. पण मुलीलाही सांगायचं नाही, तू जे 'आधी कळवू का' विचारलंस त्याचं उत्तर स्वच्छ 'नाही' असंच आहे. हेतू कितीही चांगला असला तरी बहिणीने ते भावाला सांगितलं की आजोबांच्या घरात जो काही भडका उडेल तो तुझ्यामुळे उडेल. रिपोर्टमधेही हे जाणार नाही, मेमरीबद्दल विचारलंय तर रिपोर्ट मेमरीबद्दल बोलेल, कुणाला घर द्यायचंय याबद्दल नाही. तुझ्या स्वतःच्या नोंदीत मात्र दोन ओळी असू देत, तारखेसह, त्यांच्याच शब्दांत, तुझं मत न घालता. आणि नोंदी लिहिताना कायम धरून चाल की एक दिवस न्यायाधीश त्या मोठ्याने वाचतील.

गुप्ततेला मर्यादा असतात. कॅलिफोर्नियात 1976 च्या टॅरासॉफ निकालाने ठरवलं की पेशंटकडून कुणाच्या जिवाला गंभीर धोका असेल तर त्या माणसाला वाचवण्यासाठी वाजवी पावलं उचलणं थेरपिस्टचं कर्तव्य आहे. बऱ्याच ठिकाणी मुलांवरचे अत्याचार कळवणं बंधनकारक आहे, काही ठिकाणी वयस्कर माणसांची लूट-छळ, गाडी चालवण्यातला धोका हेही. घर मुलीला देणं या कशातच बसत नाही. पण कुणी धाकाने सही करून घेत असेल तर बसू शकतं, म्हणून आजोबा एकटे असताना साध्या शब्दांत विचार, "कुणी कसली सही करायला सांगतंय का? घरात कुणाची भीती वाटते का?" आणि ते विचारायच्या आधी सांग की अमुक अमुक असेल तर मला पुढे कळवावं लागेल. हे पहिल्याच दिवशी सांगायचं असतं, राहिलं, तर आता सांग.

वकिलाच्या पत्राचं. वकिलाचं पत्र म्हणजे मागणी, कोर्टाचा हुकूम म्हणजे हुकूम, आणि कोर्टाचा समन्स आला तरी त्यावर हरकत घेता येते का हे आपल्या वकिलाला विचारायचं असतं, परस्पर ठरवायचं नसतं. आत्ता तुझ्याकडे आहे ती मागणी, आणि तीही आजोबांच्या वकिलाची नाही. तर दोन ओळींचं उत्तर पाठव, संबंधित व्यक्तीची लेखी संमती किंवा न्यायालयाचा आदेश असल्याशिवाय कुठलीही माहिती देता येणार नाही. कुणाची टेस्ट झाली की नाही हेसुद्धा त्यात कबूल करायची गरज नाही. फोनवर वकिलाशी गप्पा मारू नकोस, ते फार गोड बोलतात आणि पाच मिनिटांत आपण अर्धी केस सांगून बसतो. तुझा व्यावसायिक विमा असेल तर त्यांना आजच कळव, बऱ्याच पॉलिसीत कायदेशीर मदत असते आणि उशिरा कळवलं तर अडचण होते.

कागदांमधेही दोन प्रकार असतात, त्यांची गल्लत करू नकोस. आजोबांची उत्तरं, मार्क, तू टिपलेलं वागणं ही त्यांची माहिती. टेस्टचं मॅन्युअल, प्रश्न, चित्रं ही टेस्टची सामग्री. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या 2002 च्या आचारसंहितेत यासाठी 9.04 आणि 9.11 अशी वेगवेगळी कलमंच आहेत. पहिलं म्हणतं पेशंटने लिहून दिलं तर डेटा द्या, त्याचं गंभीर नुकसान होणार असेल किंवा डेटाचा गैरवापर होणार असेल तर अडवता येतं, आणि संमतीच नसेल तर फक्त कायदा किंवा कोर्ट सांगेल तेव्हाच. दुसरं म्हणतं टेस्टची सामग्री जपा. त्रास होतो तो छापील उत्तरपत्रिकेचा, एकाच कागदावर प्रश्नही आणि उत्तरही, आणि त्या आचारसंहितेत असा उत्तर लिहिलेला भाग डेटात धरलाय. तुझ्याकडची नियमावली यावर काय म्हणते ते काढून वाच.

सामग्री जपायची कशाला, तर उद्या येणाऱ्या पेशंटसाठी. 2009 मधे रोर्शाकची, म्हणजे शाईच्या डागात काय दिसतं हे विचारणाऱ्या टेस्टची, दहाही चित्रं विकिपीडियावर लोक सहसा काय उत्तरं देतात त्यासकट आली तेव्हा केवढा वाद झाला होता. प्रश्न आधीच माहीत असलेल्या माणसाची मेमरी कशी तपासणार? कोण मुद्दाम चुका करतंय हे ओळखायच्या टेस्टही असतात, त्या कशा चालतात ते मी या सदरात लिहिणार नाही त्याचं कारणही हेच. 1979 मधे डेट्रॉइट एडिसन कंपनीच्या केसमधे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने कामगार संघटनेला टेस्टचे प्रश्न आणि उत्तरपत्रिका थेट द्यायची सक्ती मान्य केली नाही, आणि कामगारांचे मार्कही त्यांच्या संमतीशिवाय उघड करायला लावले नाहीत. कोर्टाने कागद मागवलेच तर एक मधला रस्ता बरेचदा चालतो, समोरच्या बाजूने नेमलेल्या पात्र सायकॉलॉजिस्टकडे ते थेट पाठवायचे किंवा कोर्टाला विनंती करायची की ते सीलबंद राहावेत.

आणि एक मुद्दाम वेगळं सांगते: पत्र आल्यानंतर फाईलमधल्या कशालाही हात लावायचा नाही. खाडाखोड नाही, 'जरा नीट करून' पुन्हा लिहिणं नाही, फाडणं तर नाहीच. काही राहिलं असेल तर आजची तारीख घालून खाली वेगळी नोंद कर.

सरांचं काय करायचं? तुझ्या पत्रात त्यांच्याबद्दल राग आहे, पण माझा अंदाज असा की त्यांनी यात कटकट बघितली, तत्त्व नाही. त्यांना 'हे अनैतिक आहे' म्हणून सुरुवात केलीस तर ते हट्टाला पेटतील. त्याऐवजी म्हण, "सर, आपण निर्णयक्षमता तपासलेली नाही आणि लिहिली तर उलटतपासणीत मला उभं राहावं लागेल, सोबत क्लिनिकचं नाव येईल." ग्रीनबर्ग आणि शूमन यांनी 1997 मधे मांडलं होतं की उपचार करणाऱ्याने त्याच पेशंटच्या केसमधे कोर्टाचा तज्ज्ञ होऊ नये, दोन्ही भूमिका एकमेकीला खातात. तू आजोबांना विश्वासात घेऊन तपासलंस, तू आता तज्ज्ञ साक्षीदार व्हायला जाऊ नकोस. कुणाला क्षमतेची तपासणी हवी असेल तर ती दुसऱ्या कुणीतरी, पूर्णपणे वेगळी करावी. सर तरीही अडले तर तुझं म्हणणं त्यांना लेखी दे, आणि सही करू नकोस. नोकरीची भीती वाटते हे कळतं मला, खरंच कळतं, पण सही तुझी असते, क्लिनिकची नाही.

मुलाशी बोलणं टाळू नकोस, टाळलंस की तो अजून बिथरेल. आजोबांनी परवानगी दिलेली नाही तोवर त्याला एवढंच सांग की रिपोर्टबद्दल आधी मी वडिलांशी बोलणार आहे, ते म्हणाले तर आपण तिघं एकत्र बसू. आणि त्याला विचार की घरी नेमकं काय काय होतंय. त्याचं ऐकायला तुला कुणाची परवानगी लागत नाही, बोलायला लागते.

जे वाचक स्वतः कुणाला टेस्टिंगला नेणार आहेत त्यांनाही सांगते, 'चल, साधं चेकअप आहे' असं सांगून नेऊ नका. माणसाला तिथे गेल्यावर कळतंच, आणि फसवून आणलंय हे कळलेला माणूस मन लावून उत्तरं देत नाही, मग तो निकाल तुमच्याही कामाचा राहत नाही. आधीच विचारून घ्या की रिपोर्ट कुणाला मिळणार, कशासाठी वापरता येईल आणि कशासाठी नाही. आणि ज्यांची टेस्ट होणार आहे त्यांनी, वय काहीही असो, मला एकट्याला बोलायचंय असं म्हणायला अजिबात संकोच करू नये.

तर तू आता आजोबांना बोलव, रिपोर्टचा कच्चा मसुदा समोर ठेवून. त्यांना सकाळी जास्त तरतरीत वाटतं असं तू लिहिलंयस, मग सकाळचीच वेळ दे. मुलगा सोडायला आला तर त्याला बाहेर बसव, दार लावून घे. आधी निकाल त्यांना सांग, त्यांच्या भाषेत, जे चांगलं आलंय तेही आणि जे नाही आलं तेही, आणि मग विचार की हे कुणाला दाखवायचं, मुलाला, मुलीला, डॉक्टरांना, की कुणालाच नाही. दहा मिनिटं दुसरं काहीतरी बोल आणि तोच प्रश्न परत विचार, उत्तर तेच येतं का बघ. तेच आलं तर त्यांच्या शब्दांत लिहून त्यांची सही घे. घराचा विषय त्यांनी स्वतः काढला तर स्वतंत्र वकील आणि क्षमतेची वेगळी तपासणी या दोन गोष्टी त्यांना कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दे, कारण बोललेलं राहणार नाही लक्षात. उत्तर वेगळं आलं, किंवा रिपोर्ट म्हणजे काय हेच त्यांना धरून ठेवता आलं नाही, तर तेही लिही, आणि त्यांच्या वतीने कायद्याने कोण बोलू शकतं हे विचारून घेतल्याशिवाय रिपोर्ट कुणालाच देऊ नकोस. फोन करशील तेव्हा त्यांच्याशीच बोल, आणि चष्मा नि असलं तर कानाचं मशीन सोबत आणायला सांग.